चेहरा शेवटी

त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेले त्या पहिल्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरात पाय ठेवता आला नाही, कारण ओट्यावर एक वांगं होतं. घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, दारातच हात आडवा धरला आणि दबक्या आवाजात सांगितलं की त्यांचं अजून बघून व्हायचंय. आत पाटावर पासष्टीचे एक गृहस्थ बसले होते. अंगात बनियन, गळ्यात दोरीला बांधलेले दोन चष्मे. हातात पेन्सिल नव्हती, समोर कागद नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते नुसते वांग्याकडे बघत होते.

ते वांगं तीन दिवस तिथेच होतं. चौथ्या दिवशी त्यांनी ते दहा मिनिटांत काढलं. तोवर ते सुरकुतलं होतं, देठाजवळ काळं पडलं होतं. चित्रातही ते तसंच आलं. काकूंनी मग ते चिरून आमटीत घातलं आणि मला वाढताना म्हणाल्या, "आमच्याकडे भाजी आधी त्यांची होते, मग आपली."

सारे त्यांना गुरुजी म्हणत, पाड्यांवरचे लोक मास्तर. कोसबाडकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि डहाणू तालुक्यातल्या कासाला, उधव्याच्या रस्त्याला, स्वतःच्या बैठ्या घरात राहत होते. मी पाथर्डीकडची. दोन हजार पंधरा साली इथल्या एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात नोकरी मिळाली म्हणून आले. केसपेपर काढायचे, नंबर लावायचे, नावं पुकारायची, एवढंच माझं काम. पण खिडकीपलीकडे बसलेल्या बाईला इथे सगळे सिस्टर म्हणतात, तशी मीही सिस्टर झाले. गुरुजी घरातसुद्धा मला सिस्टरच म्हणायचे.

ते पाठकोऱ्या कागदांवर काढत. शाळेतल्या जुन्या परिपत्रकांची पोतीच त्यांनी घरी आणून ठेवली होती. काकू त्यांच्या सुईदोऱ्याने वह्या शिवून द्यायच्या. एका बाजूला 'सर्व वर्गशिक्षकांना कळविण्यात येते की' आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी गुडघा. गुडघ्यांच्या तर वह्याच्या वह्या होत्या. त्यासाठी ते कासाच्या नाक्यावरून पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसायचे, शेवटच्या पाड्यापर्यंत जायचे आणि न उतरता त्याच जीपने परत यायचे. मागच्या बाजूला समोरासमोर बाकं असतात, दहा-बारा माणसं एकमेकांत अडकून बसलेली असतात, आणि बघायला गुडघे आणि पावलंच मिळतात. ड्रायव्हरांना सवय झाली होती. नवीन असला तर विचारायचा, "मास्तर, उतरायचं कुठं?" ते म्हणायचे, "चढलो तिथं."

चेहरा ते सगळ्यात शेवटी काढत. आधी पाय, मग कपड्याच्या चुण्या, मग हात. एका बैठकीत चित्र पुरं झालं असं मी कधी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, चेहरा आधी का नाही? ते म्हणाले, "चेहरा माणूस सावरून बसतो. पाय सावरायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. पायांनी ओळख करून दिली की मग चेहऱ्याकडे जायचं. तोवर तोही दमून खरा झालेला असतो." काकू आतून म्हणाल्या, चाळीस वर्षं झाली, माझ्या घोट्यापर्यंतच आलेत अजून.

त्यांचा एक नियम होता आणि त्यात सवलत नव्हती. जे समोर बसून बघितलं नाही, ते काढायचं नाही. फोटोवरून नाही, आठवणीने नाही, कुणी वर्णन केलं म्हणून तर नाहीच. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा माणूस एकदा गाडी घेऊन आला. त्याला जेवणघराच्या भिंतीवर गेरूवर पांढऱ्या रंगाचं, तारपा वाजवणारे आणि फेर धरलेले लोक असलेलं चित्र हवं होतं. गुरुजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, ते चित्र लग्नघरात काढतात. ज्यांच्या घरात लग्न त्यांच्या बायका काढतात, मी तिथे जेवायला जातो. पाहुण्याने चूल मांडू नये. तो माणूस निघताना म्हणाला, मग तुम्हाला सुचतं कुठून? हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला की ते चिडायचे. "सुचत नाही हो. दिसतं. दिसायला वेळ लागतो. लोक तेवढा वेळ देत नाहीत, आणि मग म्हणतात सुचत नाही."

मलाही त्यांनी एकदा बघायला बसवलं. माझ्याच पाण्याचा स्टीलचा पेला समोर ठेवला आणि दहा मिनिटं बघा म्हणाले. दहा मिनिटांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, पेला. "दहा मिनिटं बरोबर झाली?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग तुम्ही घड्याळ बघितलंत."

आम्ही तिघंही हसलो. त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सांगताना त्याची लाज जास्त वाटते.

दर मंगळवारी डॉक्टर दिवसभर बसत, म्हणून त्या दिवशी डोंगराकडच्या पाड्यांवरून पेशंट जास्त यायचे. गुरुजीही मंगळवारीच यायचे. पेशंटांच्या बाकावर, कोपऱ्यात, मांडीवर वही. थांबलेली माणसं त्यांना फार आवडत. कामात असलेला माणूस कामासारखा दिसतो, म्हणायचे, थांबलेला स्वतःसारखा दिसतो. आधी विचारायचे, तुम्हाला काढू का? नको म्हटलं तर दुसरीकडे वळायचे. बहुतेक जण हसून हो म्हणत. नाव मात्र चित्र पुरं झाल्यावरच विचारायचे.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्याआधी त्यांनी लाडकीबाईला काढायला घेतलं. ही डोंगराकडच्या एका पाड्यावरची म्हातारी, दम्यासाठी दर मंगळवारी यायची. एकटीच यायची, जीपने. हातात काठी, केसपेपर घडी करून कमरेला खोचलेला. तिला चित्राचं फार कौतुक वाटलं. पुढच्या मंगळवारी ती आपणहून त्याच जागी बसली, काठी तशीच धरली, उजवं पाऊल डाव्यावर तसंच ठेवलं आणि गुरुजींकडे बघून मान हलवली. म्हणजे करा सुरू. आपली बसायची तऱ्हा आठवडाभर तिने लक्षात ठेवली होती.

त्याच महिन्यात एका मंगळवारी तिचा केसपेपर घामाने भिजून फाटलेला निघाला. नंबर वाचता येत नव्हता. खिडकीवर चाळीस माणसं होती. मी तो कागद बोटाने परत सरकवला आणि नवीन काढावा लागेल, तिकडे उभ्या राहा, असं म्हटलं. मान वर करून पाहिलंही नाही. असं मी दिवसातून दहा वेळा करत असेन. मला ते आठवलंही नसतं.

त्या संध्याकाळी ओटीवर गुरुजींची वही पडली होती. ती चाळायची मला मुभा होती, रोजचीच सवय. मधल्या एका पानावर आमची खिडकी होती. खिडकीच्या अलीकडे दोन म्हातारे हात, एकमेकांत धरलेले. पलीकडून आलेला एक तरुण हात, मनगटावर माझं घड्याळ, माझ्या दोन बांगड्या. त्या हाताचं एक बोट कागदाला ढकलत होतं. नुसतं टोक टेकलेलं, जसं ओलं काहीतरी अंगाला लागू नये म्हणून आपण दूर करतो तसं. चेहरा नव्हता. त्याची गरजही नव्हती.

मी विचारलं, हा माझा हात ना? गुरुजी चहा पीत होते. "हो, मंगळवारचा. चांगला आलाय, नाही?" ते चित्राबद्दल बोलत होते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी वही मिटून खोलीत गेले आणि डोकं दुखतंय म्हणून जेवायला आले नाही. मला राग आला होता तो त्यांचा. स्वतःचा यायला पुढे बराच काळ जावा लागला.

आठ-दहा दिवसांनी एक तरुण खिडकीवर आला आणि म्हणाला, तो म्हातारा आमच्या बायकांकडे बघत बसतो, बरं दिसत नाही. त्याच्या बायकोला गुरुजींनी विचारलं होतं, ती नको म्हणाली होती आणि ते दुसरीकडे वळले होते. हे सगळं माझ्यासमोर झालेलं होतं. दोन शब्दांत त्याची समजूत काढता आली असती. त्याऐवजी मी डॉक्टरांकडे गेले आणि पेशंटांच्या तक्रारी येतायत, असं म्हटलं. एका तक्रारीच्या तक्रारी केल्या. डॉक्टर दुसऱ्याच घाईत होते, तुम्ही बघा काय ते, म्हणाले. मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'येथे विनाकारण बसू नये', आणि बाकाच्या वर भिंतीला चिकटवलं.

गुरुजी पुढच्या मंगळवारी आले. आधी एक चष्मा लावला, मग दुसरा, आणि पाटी वाचली. मग खिडकीशी आले.

"सिस्टर, कारण कुणाचं आहे आणि कुणाचं नाही, हे ठरवतं कोण?"

मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हटलं, "मी."

त्यांनी दोन्ही चष्मे उतरवले. मग "बरं" म्हणाले आणि वही पिशवीत घातली. लाडकीबाई बाकावर येऊन बसलेली होती. काठी धरलेली, पाऊल पावलावर. पाय, लुगडं, हात, सगळं काढून झालं होतं. तिने विचारलं, "मास्तर, आज तोंड काढायचं ना?"

"पुढच्या मंगळवारी," गुरुजी म्हणाले. "बाहेर बसू, झाडाखाली. उजेड चांगला असतो."

पुढच्या मंगळवारी ते झाडाखाली बसून राहिले. ती आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. मी खिडकीतून त्यांना बघत होते. ते रस्त्याकडे तोंड करून बसत, जीप थांबली की उठत, उतरणारी माणसं बघत आणि पुन्हा बसत. तिसऱ्या मंगळवारनंतर तेही यायचे थांबले.

महिन्याभराने खिडकीवर एक बाई आली. तिशीची, कडेवर मूल. तिने केसपेपर मागितला नाही. चित्र काढणारा मास्तर कुठे बसतो, असं विचारलं. ती लाडकीबाईची मुलगी, सुमन. आई गेली, म्हणाली. घरीच गेली, आजारातच. घरात आईचा फोटो नव्हता. आधारवर एक होता, पण त्यात आयस कोणी भलतीच वाटते, कॅमेऱ्याला भ्यालेली. आई मात्र मरायच्या आधी सगळ्यांना सांगायची की दवाखान्यात माझं चित्र काढलंय, तोंड तेवढं बाकी आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला घरी घेऊन गेले. काकू डहाणूला बहिणीकडे गेल्या होत्या. गुरुजींनी वह्यांतून ती वही काढली. सुमन ओटीवर बसली, मूल मांडीवर घेतलं आणि चित्र समोर धरलं. बराच वेळ बघितलं. काठीवरच्या हातांवरून तिने बोट फिरवलं, कागदाला न लावता. मग म्हणाली, "तोंड काढून द्या, मास्तर."

गुरुजी म्हणाले, बाई, ती आता समोर नाही.

"त्या मंगळवारी का नाय काढलं? आयस तर बसली होती."

मी दारात उभी होते. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "राहून गेलं," ते म्हणाले. "माझंच राहून गेलं."

आणि मग त्यांनी आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. पेन्सिल घेतली. सुमनला म्हणाले, जरा उजेडाकडे वळा. तिच्या हनुवटीकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं, डोळे मिटले, काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. आधार कार्डसुद्धा मागून घेतलं. तासभर गेला असेल. माझी सुट्टी केव्हाच संपली होती. मूल झोपलं. त्यांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून ते मध्येमध्ये मान मागे घेत होते.

चित्र त्यांनी सुमनच्या हातात दिलं तेव्हा ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "अगदी हुबेहूब."

वर्षभर ती म्हातारी दर मंगळवारी माझ्यासमोर उभी राहत होती. मला तिचा चेहरा आठवत नव्हता.

सुमन बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाय." थोड्या वेळाने म्हणाली, "चांगली बाई हाय कोणी. पण आयस नाय ही."

गुरुजींनी मान हलवली. त्यांनाही ते ठाऊक होतं. वाईट वाटून घेऊ नका, असं काहीतरी मी म्हणणार होते, पण सुमनच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट गुरुजींना दुखावू नये अशी काळजी होती. "तोंड तेवढं पुसा, मास्तर. बाकी सगळी आयसच हाय."

त्यांनी खोडरबर घेतला. तासाभरात काढलेलं पुसायला जवळजवळ तेवढाच वेळ लागला, कारण खांद्यावरच्या पदराची रेघ पुसली जाऊ नये म्हणून ते कडेने अगदी सावकाश पुसत होते. शेवटी फुंकर मारून खोडरबराची भुकटी उडवली, पान ब्लेडने कापलं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुमनला दिलं. आईचं पूर्ण नाव विचारलं आणि वहीत, जिथून पान कापलं होतं तिथे, लिहून ठेवलं. मी तिला जीपपर्यंत सोडायला गेले. घरी आणून चित्र दाखवलंत ते बरं झालं, असं ती मला दोनदा म्हणाली.

त्यानंतर गुरुजींनी काढलं नाही. कुणाला सांगितलं नाही, जाहीर केलं नाही. वह्या पोत्यात गेल्या. ओट्यावरची वांगी वेळेवर चिरली जाऊ लागली. काकूंना आधी बरं वाटलं, मग त्या घाबरल्या. डोळे तपासून आणले, ते ठीक निघाले. गुरुजी दुपारभर टीव्हीसमोर बसू लागले आणि मालिकेत काय झालं विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. मी दोन महिन्यांनी भिंतीवरची पाटी काढली आणि जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं की हल्ली मंगळवारी बाकाचा कोपरा मोकळाच असतो, येत चला. ते म्हणाले, "दिसतं हो अजून. पण थांबत नाही काही समोर."

तेव्हा बोलायला हवं होतं. तुमचं राहून गेलं नव्हतं, मी उठवलं होतं, आणि त्या तरुणाच्या तक्रारीमुळे नव्हे, माझ्या हाताच्या चित्रामुळे. एवढी दोन वाक्यं. पुढे दीड वर्ष मी त्याच घरात राहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले आणि रोज ती उद्यावर टाकली.

दोन हजार अठराच्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. भांडी वाजायची, लोक अंगणात येऊन बसायचे. आमच्या मागच्या भिंतीला छतापासून खालपर्यंत तडा गेला. नाशिकचा मुलगा आला आणि आईवडिलांना घेऊन जायचं ठरवून टाकलं. सामान बांधायला मी होते. पोती भरताना ती खिडकी असलेली वही शोधली. पान नव्हतं. ब्लेडने नीट कापलेलं होतं. फाडून टाकलं असेल की कुठे जपून ठेवलं असेल, विचारायची हिंमत झाली नाही. टेम्पो भरला. गुरुजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि मला म्हणाले की नवीन घरमालक बघताना पाण्याची वेळ आधी विचारून घ्या. मी बरं म्हटलं. टेम्पो वळला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. गुरुजी गेले होते, आठवडा होऊन गेला होता. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाल्या. मी रडू लागले तर त्याच माझी समजूत घालू लागल्या. शेवटपर्यंत तुमची आठवण काढायचे, म्हणाल्या. मग त्यांना एकदम काही आठवलं.

"त्यांनी दवाखान्यात बसणं सोडलं ना, तेव्हा मी त्यांच्यावर फार चिडले होते. म्हटलं, एवढं आवडीचं काम, कशाला सोडलंत? तर म्हणाले, मंगळवारी गर्दी फार होते गं, सिस्टरची धावपळ होते, मध्ये माझी अडचण कशाला. तिने येत राहा म्हटलं, मीच ऐकलं नाही, म्हणाले. तुम्ही येत राहा म्हणाला होतात ना त्यांना?"

फोनवर मागे कुणीतरी पाट सरकवत होतं.

मी म्हटलं, "हो."